मेंदूचा एकच फोटो पुरत नाही

मिरजेत कुठल्याही स्कॅन सेंटरच्या बाहेर तासभर बसा. साठीच्या पुढचं माणूस आत जाऊन आलं की रिपोर्टात एक ओळ जवळजवळ ठरलेली असते, एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रॉफी, म्हणजे वयोमानानुसार मेंदू झिजलाय. ती वाचून घरातली माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर "वयच झालंय, चालायचंच" म्हणून फाईल कपाटावर टाकून देतात, नाहीतर "मेंदू सुकला हो आमच्या आईचा" म्हणून रडायला लागतात. मला या दोन्हीचा त्रास होतो. कारण झीज नेमकी कुठं आहे, किती आहे आणि वर्षापूर्वी किती होती, हे त्या ओळीत कुठंच नसतं, आणि साठीनंतर विसरायला लागलेल्या माणसाबद्दल खरं विचारायचं असतं ते हेच.

हे मला आण्णांमुळं कळलं. आण्णा म्हणजे माझे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात आयुष्यभर दिवाणजी होते. शिक्षण सातवी. पण पट्टी करताना तोलाई, हमाली, अडत सगळं वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती पडणार हे कागदावर लिहायच्या आधी सांगायचे. सीमाभागातून येणाऱ्या शेतकऱ्यांशी फाडफाड कानडी बोलायचे. आणि पूर म्हटला की विचारू नका. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २००५ ला कुठल्या गल्लीपर्यंत आलं, २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा कुणाच्या माडीवर कोण अडकलं, हे सगळं ते आजही न चुकता सांगतात.

सांगता येईना ते सकाळचं. बीपीची गोळी घेतली का, काल कोण येऊन गेलं, गॅसचा नंबर लावायचं मी सांगितलं होतं ते कधी. पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी तेच म्हटलं जे सगळी घरं म्हणतात. मग एकदा त्यांनी मला एका दुपारी तोच प्रश्न चार वेळा त्याच उत्सुकतेनं विचारला, आणि चौथ्यांदा विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी विचारल्याची साधी शंकासुद्धा नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवते. निरीक्षण आणि अंदाज यातला फरक पोरांना सांगत असते. हा फरक मला दिसला आणि मग मी गप्प बसले नाही.

डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, एमसीआय. वयाच्या मानानं जास्त विसरणं, चाचणीत ते दिसणं, पण आंघोळ, जेवण, बाजारहाट, पैशाचा व्यवहार बऱ्यापैकी स्वतःचा स्वतः जमणं. म्हणजे डिमेन्शिया, रोजचे व्यवहारच जमेनासे होतात इतकं विसरणं, ते नाही, पण नुसतं म्हातारपण पण नाही, मधली जागा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये याचे निकष नीट मांडले आणि तेव्हापासून जगभर त्यावर काम वाढत गेलं. स्मृती-क्लिनिकमध्ये येणाऱ्या अशा लोकांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के पुढं डिमेन्शियाकडं जातात. पण काहीजण वर्षानुवर्षं तिथंच राहतात, आणि काही चक्क परत नॉर्मल होतात. हे तिसरं वाक्य आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर आईच्या किती रात्री झोपेच्या गेल्या असत्या.

तर यातलं कोण कुठं जाणार हे आधी कसं ओळखायचं? मेंदूच्या फोटोंचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पण फोटोच्या आधी कागदाची परीक्षा झाली. मोका नावाची ३० मार्कांची, २६ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. घड्याळ काढा, ठोकळा काढा, चित्रातले प्राणी ओळखा. आण्णांना ठोकळा जमला नाही, त्यांनी आयुष्यात कधी तीन बाजू दिसणारा ठोकळा काढलाच नव्हता. १०० मधून ७-७ वजा करत जा म्हटल्यावर मात्र बाईंचं वाक्य संपायच्या आत ९३, ८६, ७९, ७२ असे सुटले, आणि "अजून सांगू का?" म्हणाले. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, पाच मिनिटांनी त्यातला एक आठवला. बाईंनी मग हिंट दिली, तरी उरलेले चार आले नाहीत. बाईंनी मला नंतर सांगितलं की त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते हेच. हिंट दिल्यावर आठवलं तर गोष्ट आत साठलीय, फक्त सापडत नाही. हिंट देऊनही येत नाही तेव्हा ती साठलीच नाही अशी शंका येते, आणि साठवायचं काम ज्या भागाचं त्याच्याकडं बघावं लागतं. ठोकळ्याचे मार्क गेले याचं त्यांना काही वाटलं नाही, मलाही वाटू नये असं म्हणाल्या.

तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक, जेमतेम ३-४ घन सेंटीमीटरचा. याचं काम काय ते जगाला कळलं हेन्री मोलेसन या माणसामुळं. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून अमेरिकेत त्याच्या मेंदूतला दोन्हीकडचा हा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. लहानपणचं आठवायचं, बोलणं-चालणं बुद्धी सगळं शाबूत, फक्त नवी आठवण तयार होत नव्हती. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास केला, दर वेळी त्या त्याला नव्यानंच भेटायच्या.

आण्णांना हे मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवरून सांगितलं, कारण ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, पण कुठल्या पेवात कुणाची किती पोती हे वरच्या वहीत असायचं. पेवं म्हणजे मेंदूची बाहेरची साल, जुन्या आठवणी हळूहळू तिथं जाऊन पक्क्या होतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे ती वही. वही भिजायला लागली की आज आलेला माल कुठं ठेवला ते लिहिलं जात नाही, पण १९७० सालचा माल खाली जसाच्या तसा असतो. आण्णा लगेच म्हणाले, "वही भिजली तर दुसरी घालायची. पेवात पाणी शिरलं की मग खेळ संपला." २००५ च्या महापुरात हरिपुरातली बरीच पेवं अशीच गेली, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

मग एमआरआय. खिशातली चिल्लर, चष्मा, कवळी, कमरेचा चांदीचा करदोडा सगळं काढून ठेवायला लावलं, कारण आतलं चुंबक दीड टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. यात एक्स-रे नसतो हे लोकांना माहीतच नसतं. शरीरातल्या पाण्यात जो हायड्रोजन असतो त्याच्या अणूंची केंद्रं या चुंबकात रांगेत येतात, रेडिओ लहरींनी त्यांना हलवायचं, ती परत जागेवर येताना जो सिग्नल देतात त्यातून चित्र बनवायचं. ठकठक आवाज येतो तो आतल्या कॉइलमधला करंट फार वेगानं बदलतो म्हणून. आण्णांना मी आधी सगळं सांगितलं होतं, कानात बोळे घातले, हातात बेल दिली, आणि ते अजिबात हलले नाहीत. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला न सांगता त्या नळकांड्यात सरकवतात तेव्हा ते हलतं, फोटो हलतो आणि मग "पेशंट कोऑपरेट करत नाही" असं लिहिलं जातं. पाच मिनिटं बसून समजावलं की हे टळतं, मग ते का करत नाहीत?

डॉक्टरबाईंनी मागणी लिहिताना मुद्दाम लिहिलं होतं की हिप्पोकॅम्पसला आडवे जाणारे, कपाळाला समांतर असे उभे पातळ काप घ्या. नेहमीच्या कापांत हा भाग नीट दिसत नाही. त्या कापांवर डोळ्यांनी बघून ० ते ४ असे मार्क देतात, इथं जास्त मार्क म्हणजे जास्त झीज, ही पद्धत नेदरलँड्सच्या फिलिप शेल्टन्स यांनी १९९२ मध्ये आणली. पांढऱ्या भागात बारीक ठिपके दिसतात, म्हणजे छोट्या रक्तवाहिन्यांनी खाल्लेला मार, त्यांना फाझेकास नावाचे ० ते ३ मार्क, ही पद्धत १९८७ ची. मोठ्या संशोधनात कॉम्प्युटर हिप्पोकॅम्पसची कड आखून त्याचं घनफळच काढतो.

आता खरा मुद्दा. हिप्पोकॅम्पस सगळ्यांचाच वयाबरोबर आकसतो. अनेक अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये काढलेला आकडा असा की निरोगी म्हाताऱ्या माणसात तो वर्षाला साधारण १.४ टक्के कमी होतो आणि अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा आजार, झालेल्यांत ४.७ टक्के. म्हणजे फरक वेगाचा आहे. आणि वेग एका फोटोत दिसत नाही, कितीही भारी मशीन आणा. एखाद्याचा मुळातच लहान असेल, एखाद्याचा जन्मतः मोठा असून आता निम्म्यावर येत असेल, आणि दोघांचे आजचे फोटो सारखेच दिसतील. आण्णांच्या रिपोर्टात डावीकडं २, उजवीकडं १ आलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसात २ म्हणजे आजारच असं म्हणता येत नाही, बाईंनी ते स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज मी तुम्हाला एवढंच सांगू शकते की इथून मोजायला सुरुवात झाली." मला हे वाक्य आवडलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही की घाबरवलं नाही.

एमआरआयच्या पलीकडंही बरंच आहे, ते मी वाचत गेले. पेट नावाच्या स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग ती कमी खातो ते बघतात, अल्झायमरच्या वाटेवर मेंदूचा मागचा-मधला आणि कानाच्या वरचा भाग आधी मंदावतो, आकार कमी व्हायच्याही आधी. त्या साखरेला लावलेल्या फ्लोरिन-१८ चं आयुष्य असं की ११० मिनिटांत निम्मं संपतं, म्हणून ती सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे फ्लोरिन-१८ बनवणाऱ्या यंत्राच्या ठिकाणाहून, निघाली की गाडीला मध्ये थांबायची सोय नाही. मग अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, दाखवणारं पेट. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात त्यासाठीचं पिट्सबर्ग कंपाउंड बी नावाचं रसायन पहिल्यांदा माणसाला दिलं, २००४ मध्ये १६ पेशंट आणि ९ निरोगी माणसांचे फोटो छापून आले. त्याआधी हे अमायलॉइडचे डाग खात्रीनं बघायचे तर बहुतेक वेळा माणूस गेल्यावर मेंदू कापूनच बघावे लागायचे, अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मांडलं तेव्हापासून. जिवंत माणसात ते दिसायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्याच २००४ मध्ये अमेरिकेत एडीएनआय नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, निरोगी, एमसीआय आणि अल्झायमर अशा तिन्ही गटांचे पुन्हा पुन्हा स्कॅन करायचे आणि माहिती जगभरच्या संशोधकांना खुली ठेवायची. पुन्हा पुन्हा, हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं.

फंक्शनल एमआरआयमध्ये जे दिसलं ते वाचून मी बराच वेळ थांबले. यात रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते कळतं, १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवून दिलं होतं. माझा अंदाज की विसरणाऱ्या माणसाचा हिप्पोकॅम्पस थंड पडलेला दिसेल. पण एमसीआयच्या सुरुवातीच्या काही लोकांत तो निरोगी माणसापेक्षा जास्त पेटलेला दिसतो. हे तो भाग तूट भरून काढायला धडपडतोय म्हणून की आतली घडीच बिघडलीय म्हणून, यावर वाद आहे, आणि हे जास्त पेटणं नुकसान करतं असं मानणारे बरेच आहेत. मला मात्र आण्णा दिसले. गोळीची वेळ खिशातल्या डायरीत, डायरी खिशात आहे हे हाताच्या चाळ्यात, फोनवर कोण बोललं ते फोन ठेवायच्या आत पाटीवर. संध्याकाळी ते दमतात ते उगीच दमत नाहीत.

आता एक गोष्ट मला फार लागते, ती सांगतेच. हे सगळे आकडे कुणाच्या मेंदूंवरून आलेत? मोकातला "मो" म्हणजे कॅनडातलं मॉन्ट्रियल, ती परीक्षा २००५ मध्ये तिथल्या इंग्रजी-फ्रेंच बोलणाऱ्या लोकांवर तपासून आली. संशोधनात सगळ्यांचे मेंदू ज्या नमुन्यावर बसवून मोजतात तो एमएनआय-१५२ सुद्धा मॉन्ट्रियलचा, १५२ जणांच्या स्कॅनची सरासरी. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून आपला नमुना बनवला तेव्हा दिसलं की आपले मेंदू सरासरीनं त्या पाश्चात्य नमुन्यापेक्षा लांबी-रुंदी-उंचीला कमी आहेत. बुद्धीशी याचा काही संबंध नाही, मापाचा आहे. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा घालून "तुम्ही बारीक झालात" म्हणायचं का? आणि शाळेचं तर वेगळंच. देशभर घरोघर केलेल्या लासी-डॅड अभ्यासात ६० च्या पुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि बायकांत, खेड्यांत, न शिकलेल्यांत प्रमाण जास्त. जतच्या दुष्काळी पट्ट्यात ज्या बाईनं शाळेचं तोंड बघितलं नाही तिच्या मेंदूचं नॉर्मल काय, हे ठरवायला तिच्यासारख्या हजार बायकांचे स्कॅन लागतील. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुराच्या खेड्यांत हेच सुरू केलंय, १० हजार माणसं धरून वर्षानुवर्षं तपासायचं उद्दिष्ट, त्यात एमआरआयसुद्धा. आपल्याकडं का होऊ नये? मिरज तर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला दवाखाना काढल्यापासून दवाखान्यांचं गाव, अर्धा उत्तर कर्नाटक इथं औषधाला येतो. रोज इतके स्कॅन होतात इथं, त्यातले किती जपून ठेवले जातात, कुणी शेजारी शेजारी ठेवून बघतं का?

आणि फोटो कितीही चांगला असला तरी माणूस त्यात सगळा मावत नाही, हेही शास्त्रानंच दाखवलंय. अमेरिकेतल्या ६७८ नन्सचा डेव्हिड स्नोडन यांनी अभ्यास केला, त्यातल्या काहींच्या मेंदूत मरणोत्तर अल्झायमरचे भरपूर डाग सापडले पण जगत असताना त्यांची बुद्धी चांगली होती. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ डिमेन्शियाच्या पेशंटचा अभ्यास २०१३ मध्ये छापला, दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, न शिकलेल्यांतसुद्धा. आण्णांचं यार्डातलं कानडी मोकाच्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही. पण मला खात्री वाटते की ते कुठंतरी जमा आहे.

हळदीबद्दल लिहिल्याशिवाय सांगलीत हा विषय संपत नाही. "हळदीच्या गावात राहून विसरायला होतंय?" असं आम्हाला दहाजणांनी विचारलं, प्रत्येकजण प्रेमानं राजापुरी हळदीची पुडी देऊन गेला. तर २०१८ मध्ये, ज्या वर्षी सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएचा एक अभ्यास आला. ४० माणसं, हळदीतलं कर्क्युमिन, तेही सहज शोषलं जाईल असं केलेलं, ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १८ महिने. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फायदा दिसला, पेट स्कॅनमध्येही मेंदूच्या काही भागांत फरक दिसला. पण माणसं ४०, आणि ज्यांना अल्झायमर झालेलाच आहे त्यांच्यावरच्या आधीच्या ट्रायलमध्ये असा फायदा दिसला नव्हता. आमटीतली हळद अंगात फार थोडी शोषली जाते. मला माझ्या गावच्या हळदीचा अभिमान आहे, ती आमच्या आमटीत राहीलच, पण तिच्या भरवशावर कुणी तपासणी टाळू नये एवढंच माझं म्हणणं.

कारण आण्णांच्या स्कॅनचा खरा उपयोग कुठं झाला माहितीय? त्या पांढऱ्या ठिपक्यांत. फाझेकास २ आलं, म्हणजे बीपीनं कितीतरी वर्षं आतून काम केलेलं. मग बीपीची गोळी बदलली, घरी मोजायला सुरुवात केली. रक्तात बी-१२ कमी निघालं, पुण्यात के.ई.एम.मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडं ही कमतरता किती पसरलीय ते कधीच दाखवून दिलंय, शाकाहारी घरांत तर विचारूच नका. इंजेक्शनं झाली. ऐकू कमी येत होतं, मशीन आणलं, आणि निम्मी "विसरलेली" वाक्यं मुळात ऐकूच गेली नव्हती हे तेव्हा कळलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, बीपी, शुगर, कान, डोळे, शिक्षण, एकटेपणा धरून, आणि त्यावर काम केलं तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असं म्हटलंय. मला कुणी नव्या औषधांबद्दल विचारतं. अल्झायमरवरच्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, १८ महिन्यांत १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा फरक, तेही मेंदूत अमायलॉइड आहे हे सिद्ध झालेल्यांत, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का बघायला वारंवार एमआरआय. ते औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण कानाचं मशीन त्याच्या आधी येतं.

वर्ष-दीड वर्षानं दुसरा स्कॅन केला. मी हट्टानं त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, त्याच कापांत करायला लावला, आधीची सीडी बरोबर नेली, कारण मशीन बदललं की मापात फरक येतो आणि तो आजाराचा की मशीनचा ते कळत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, जुना कशाला, नवीन रिपोर्टात सगळं येतं. आण्णाच त्याला म्हणाले, "बाळा, मागची शिल्लक बघितल्याशिवाय आजचा आकडा बरोबर का चूक ते तू कसं सांगणार?" पोरगं हसलं आणि सीडी घेतली.

डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो एका पडद्यावर शेजारी लावले. डावीकडचा थोडा कमी झालाय, उजवीकडं फार फरक नाही, नवे ठिपके नाहीत. पाच शब्दांतले आता दोन आठवले, बी-१२ मुळं का कानामुळं का परीक्षेची सवय झाली म्हणून, ते बाईंनाही ठामपणे सांगता आलं नाही. पुढचा स्कॅन परत वर्षानं. आण्णांनी तारीख डायरीत लिहिली, मग माझ्या डायरीतही लिहून घ्यायला लावली, आणि बाईंना विचारलं की तोपर्यंत जोशीबुवांकडं भजनाला जायला हरकत नाही ना, बुधवारी कानडी पदं असतात.